दख्खनच्या शिलारसाचे वय आणि खनिजनिर्मितीचा काळ : अलीकडील कालमापनाची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन भूगोलाच्या अध्यापनात दख्खनच्या पठाराविषयीचे एक विधान वर्षानुवर्षे जसेच्या तसे सांगितले जाते : सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी भेगी उद्रेकातून लाव्हा बाहेर पडला, त्याचे थरावर थर साचले आणि पठार तयार झाले. अलीकडच्या पुस्तकांतून हा आकडा ६.६ कोटी असा आढळतो. आकडा का बदलला, याचे स्पष्टीकरण मात्र क्वचितच दिले जाते. परभणी जिल्ह्याचा विचार करता हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. जिंतूरकडील डोंगर, येलदरी येथे पूर्णा नदीवर उभे असलेले धरण, गंगाखेडजवळील गोदावरीचे पात्र आणि जिल्हाभर पसरलेली काळी कसदार जमीन या सर्वांच्या तळाशी हाच बसाल्ट आहे. विहीर खोदताना मुरूम, काळा पाषाण आणि मधूनच लागणारा तांबड्या मातीचा पट्टा हा क्रम येथील कोणाही शेतकऱ्याला परिचित असतो. त्या तांबड्या पट्ट्याला २०१९ साली जागतिक विज्ञानाच्या एका मोठ्या वादात साक्षीदार म्हणून उभे राहावे लागले.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दख्खनच्या उद्रेकाच्या कालमापनाविषयी दोन शोधनिबंध लागोपाठ प्रसिद्ध झाले. एक ब्लेअर शोएन व त्यांच्या सहकाऱ्यांचा, दुसरा कोर्टनी स्प्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांचा. खडक तेच, घाट तोच. तथापि निष्कर्षांचा रोख वेगळा. या दोन निबंधांची आणि त्यांच्या आधारे पुढे मांडल्या गेलेल्या दाव्यांची चिकित्सा करणे, तसेच याच कालमापनाच्या प्रकाशात दख्खनमधील धातुखनिजांच्या प्रश्नाकडे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आकड्यांचा पूर्वेतिहास

दख्खनच्या खडकांना किरणोत्सारी पद्धतीने वय देण्याचे प्रयत्न १९६० व १९७० च्या दशकांत सुरू झाले. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने मिळालेली त्या काळातील वये सुमारे ३ कोटींपासून ८ कोटी वर्षांपर्यंत विखुरलेली होती. त्यावरून उद्रेक कोट्यवधी वर्षे रेंगाळत चालला असावा, असा समज रूढ झाला. वास्तविक हा विखुरलेपणा उद्रेकाचा नव्हता, नमुन्यांचा होता. बसाल्टमध्ये पाणी मुरले, त्यातील काच व फेल्डस्पार कुजले की साठलेला आर्गॉन वायू निसटतो आणि खडक खऱ्या वयापेक्षा तरुण दिसू लागतो.

१९८६ मध्ये व्हिन्सां कूर्तियो व सहकाऱ्यांनी पुराचुंबकत्वाच्या आधारे या समजाला धक्का दिला. घाटातील जाड थरांपैकी बहुतांश थर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या एकाच उलट कालखंडात गोठलेले आहेत, तेव्हा उद्रेकाचा काळ अल्प असला पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता. १९८८ मध्ये डंकन आणि पाइल यांनी आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने त्याला दुजोरा दिला. उद्रेक आणि क्रिटेशस कालखंडाच्या अखेरचा जीवविलोप यांची सांगड तेथून पुढे घातली जाऊ लागली. १९९३ मध्ये वेंकटेशन, पांडे आणि गोपालन या भारतीय संशोधकांनी मात्र ही सांगड घाईची नाही ना, असा प्रश्न आपल्या निबंधाच्या शीर्षकातच विचारला. घाटातील उद्रेकाचा बराचसा भाग सीमेच्या आधीच घडून गेला असावा, असे त्यांचे म्हणणे होते. कांचन पांडे यांनी २००२ मध्ये तोवरच्या सर्व वयांचा आढावा घेतला. पुढे अजय बक्षी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध आर्गॉन वयांची कठोर छाननी करून त्यांतील अनेक वये खडकाच्या कुजण्यामुळे अविश्वसनीय ठरतात, असे दाखवून दिले. या परंपरेचा उल्लेख २०१९ नंतरच्या लोकप्रिय लेखनात फारसा येत नाही, ही खेदाची बाब आहे. दख्खनच्या वयाविषयीचा संशय परदेशी प्रयोगशाळांत जन्माला आलेला नाही. त्याचा एक मोठा भाग भारतीय संशोधकांच्या लेखणीतून आलेला आहे.

दोन घड्याळे

दोन्ही निबंधांचे मूल्यमापन करण्यापूर्वी त्यांनी नेमके काय मोजले, हे पाहणे आवश्यक ठरते. स्प्रेन गटाने बसाल्टमधील प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पारचे स्फटिक वापरले. त्यातील पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे आहे आणि त्याच्या ऱ्हासापैकी साधारण ११ टक्के भागच आर्गॉन-४० मध्ये परिणत होतो. उरलेल्याचे कॅल्शियम होते. दख्खनच्या प्लॅजिओक्लेजमध्ये पोटॅशियम मुळातच अत्यल्प. त्यामुळे मोजायचा आर्गॉन थोडा आणि एकेका वयाची अनिश्चितता लाख वर्षांच्या घरात. या पद्धतीचे बलस्थान वेगळे आहे : लाव्हा थंड झाला तेव्हाच घड्याळ सुरू झाले, म्हणजे मिळणारे वय प्रत्यक्ष त्या थराचे असते.

शोएन गटाने युरेनियम-शिसे पद्धत अवलंबिली. येथे युरेनियमची दोन समस्थानिके दोन वेगवेगळ्या गतींनी शिशात परिणत होतात, त्यामुळे घड्याळाची आतल्या आत पडताळणी होते आणि अनिश्चितता काही दशसहस्र वर्षांपर्यंत खाली येते. अडचण अशी की या पद्धतीला झिरकॉन लागतो आणि बसाल्टमध्ये झिरकॉन सहसा तयारच होत नाही. तेव्हा या संशोधकांनी दोन लाव्हाथरांच्या मधल्या तांबड्या मातीच्या पट्ट्यांकडे मोर्चा वळविला. थर थंड झाल्यावर पुढचा थर येईपर्यंत त्यावर जी माती तयार झाली, तिच्यात कोठल्यातरी सिलिकायुक्त ज्वालामुखीची राख पडली आणि त्या राखेतून झिरकॉन आले, हे त्यांचे गृहीत आहे.

हे गृहीत निराधार नाही; परंतु त्याच्या पोटात तीन प्रश्न दडलेले आहेत. राख कोणत्या ज्वालामुखीची? झिरकॉन राखेतून थेट आला की वाऱ्यापाण्याने जुन्या खडकातून वाहून आला? आणि तो शिलारसाच्या साठ्यात स्फटिकरूप होऊन किती काळ पडून राहिल्यावर बाहेर फेकला गेला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नसले तरी चालते. दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर वय प्रत्यक्षाहून जुने येते. शोएन गटाने ही अडचण ओळखून प्रत्येक पट्ट्यातील झिरकॉनच्या वयांच्या विखुरणीवरून उद्रेकाचे संभाव्य वय सांख्यिकीय प्रतिमानाद्वारे काढले. म्हणजेच त्यांच्या आलेखावरील बिंदू हे निव्वळ मोजमाप नसून मोजमाप आणि अनुमान यांचे मिश्रण आहे. यात गैर काही नाही. पण वाचकाने ते लक्षात ठेवले पाहिजे.

घड्याळ अचूक असणे आणि ते योग्य घटनेला जुंपलेले असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. परभणीहून फार दूर नसलेल्या लोणारच्या विवराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. उष्मादीप्ती पद्धतीने त्याचे वय सुमारे ५२ हजार वर्षे काढण्यात आले होते. आर्गॉन पद्धतीने पुढे ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असल्याचे प्रतिपादन झाले. एकाच खड्ड्याच्या दोन वयांत दहापटीहून अधिक अंतर! तेथे वाद दशांश चिन्हानंतरचा नव्हता, तर काच नेमकी कोणती घटना लक्षात ठेवते, याचा होता.

प्रमाणकाचा प्रश्न

आर्गॉन पद्धत ही सापेक्ष पद्धत आहे. नमुना आणि ज्ञात वयाचा प्रमाणक यांवर अणुभट्टीत एकत्रच न्यूट्रॉनचा मारा केला जातो आणि प्रमाणकाशी तुलना करून नमुन्याचे वय ठरते. सर्वाधिक वापरला जाणारा प्रमाणक अमेरिकेतील कोलोरॅडोच्या फिश कॅन्यन येथील सॅनिडीन हा आहे. १९९८ मध्ये त्याचे स्वीकृत वय २.८०२ कोटी वर्षे होते. २००८ मध्ये ते २.८२०१ कोटी करण्यात आले. वरवर पाहता ही दुरुस्ती किरकोळ भासते. परंतु टक्केवारीत ती ०.६ हून अधिक आहे आणि, इतर सर्व घटक स्थिर धरल्यास, ६.६ कोटी वर्षांच्या नमुन्यावर तिचा परिणाम चार लाख वर्षांहून अधिक होतो. आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक कालपटावर क्रिटेशसचा शेवट २००४ मध्ये ६.५५ कोटी आणि २०१२ मध्ये ६.६ कोटी असा नोंदला गेला, त्यामागे मुख्यतः हेच कारण आहे. पाठ्यपुस्तकांतील ‘६.५’ चे ‘६.६’ कसे झाले, याचे उत्तर सह्याद्रीत नाही. ते कोलोरॅडोतील एका राखेच्या थरात आहे. वर्गात हे सांगितले गेले तर विज्ञानातील आकडा कसा घडतो, याचा याहून चांगला धडा दुसरा मिळणार नाही.

२०१९ चे दोन निष्कर्ष

शोएन गटाच्या मते उद्रेक चार मोठ्या आवर्तनांत झाला आणि त्यांतील एक आवर्तन, पोलादपूर शैलसमूहाचे, मेक्सिकोतील चिक्शुलूब येथील अशनिपातापूर्वी काही दशसहस्र वर्षे सुरू झाले. ज्वालामुखीला जीवविलोपाचा वाटेकरी ठरविणाऱ्यांना हा निष्कर्ष सोयीचा होता. स्प्रेन गटाला अशी आवर्तने आढळली नाहीत. एकूण आकारमानाच्या ९० टक्क्यांहून अधिक लाव्हा दहा लाख वर्षांपेक्षा कमी काळात बाहेर आला आणि त्यातील सुमारे ७५ टक्के सीमेनंतर आला, असे त्यांनी मांडले. पॉल रेनी व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अशनिपाताच्या हादऱ्याने दख्खनचा उद्रेक भडकला असावा, अशी कल्पना मांडली होती. स्प्रेन गटाच्या आकड्यांकडे तिचा पुरावा म्हणून पाहिले जाऊ लागले.

येथे एक बाब बारकाईने पाहण्याजोगी आहे. सीमा घाटाच्या कोणत्या थरात येते, हे ठरविण्यासाठी सीमेचे वयही बाहेरून आणावे लागते, कारण घाटात अशनीचा इरिडियमयुक्त थर सापडलेला नाही. शोएन गटाने अमेरिकेतील डेन्व्हर खोऱ्यातील झिरकॉनवरून काढलेले ६ कोटी ६० लाख १६ हजार हे वय घेतले. स्प्रेन गटाने मोंटाना राज्यातील हेल क्रीक परिसराच्या राखेवरून काढलेले ६ कोटी ६० लाख ५२ हजार हे वय घेतले. दोहोंतील अंतर ३६ हजार वर्षांचे. परिणामी एका गटाच्या मते सीमा पोलादपूर आणि अंबेनळी शैलसमूहांच्या दरम्यान येते, तर दुसऱ्याच्या मते त्याखाली, बुशे व पोलादपूर यांच्या सीमेलगत. पोलादपूरचा अवाढव्य लाव्हा ‘आधी’च्या खात्यात टाकायचा की ‘नंतर’च्या, हे अशा रीतीने महाबळेश्वरच्या घाटात नव्हे, तर बऱ्याच अंशी डेन्व्हर व मोंटाना येथे ठरते. प्रत्येक गटाने सीमेसाठी स्वतःच्याच पद्धतीचे वय वापरले, हे शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. कारण त्यामुळे पद्धतीगत त्रुटी दोन्ही बाजूंना सारखी राहते. परंतु मग दोन गटांचे आलेख एकमेकांवर ठेवून तुलना करणे धोक्याचे ठरते, आणि नंतरच्या लेखनात नेमके तेच केले गेले.

२०२१ मध्ये शोएन व काही सहकाऱ्यांनी दोन्ही संचांना एकच सांख्यिकीय पद्धत लावून फेरविचार केला. त्यातून निघालेले चित्र दोन्ही पक्षांच्या प्रचारकांना अडचणीचे आहे. मुख्य उद्रेकाचा एकूण काळ, सुमारे सात ते आठ लाख वर्षे, याबाबत दोन्ही संच उत्तम जुळतात. आर्गॉन वयांतून एकसारखा उद्रेकवेग निघतो, मात्र अनिश्चितता एवढी मोठी की आवर्तनांना ना पाठिंबा मिळतो, ना विरोध. सीमेचे थरांतील स्थान मात्र दोन्ही संचांत जुळत नाही. आणि अशनिपातामुळे उद्रेकाचा वेग वाढला, या कल्पनेला दोन्हींपैकी एकाही संचाचा आधार नाही.

हा फेरविचार एका पक्षानेच केलेला असल्याने त्यावरही प्रश्न विचारता येतो. ज्या पद्धतीने झिरकॉनची वये हाताळली, तीच पद्धत आर्गॉन वयांना लावणे न्याय्य आहे काय? तरीही शेवटचा मुद्दा टिकतो. ७५ टक्के लाव्हा सीमेनंतर आला, हे विधान मान्य केले तरी त्यातून वेग वाढल्याचे सिद्ध होत नाही. त्यासाठी आधीच्या व नंतरच्या काळाची लांबी आणि दोन्हीकडील लाव्ह्याचे आकारमान या चारही राशी ठाऊक असाव्या लागतात. काळ मोजण्यात अफाट कौशल्य खर्ची पडले, आकारमानाचे काय?

आकारमान आणि मराठवाडा

चिकित्सेचा खरा मुद्दा येथे आहे. २०१९ च्या दोन्ही निबंधांचे नमुने पश्चिम घाटातील आहेत. घाटात थर उघडे पडलेले आहेत, रस्ते कापलेले आहेत, जाडी मोठी आहे आणि १९८० च्या दशकापासून के. व्ही. सुब्बाराव, हूपर, कॉक्स, हॉक्सवर्थ आदींनी तेथील थरांची रासायनिक क्रमवारी लावून ठेवलेली आहे. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर ही त्या क्रमवारीतील मराठी गावांची नावे आज जगभरच्या प्रयोगशाळांत उच्चारली जातात. दख्खनचे आजचे क्षेत्र मात्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि घाट ही त्याची पश्चिमेकडील एक कड आहे. घाटातील शैलसमूह पूर्वेकडे किती दूर आणि किती जाडीने पसरले, हे रासायनिक साधर्म्यावरून अनुमानिले जाते आणि त्या अनुमानाला काळाने भागून ‘उद्रेकाचा वेग’ काढला जातो. भागाकारातील छेद सहस्रांशापर्यंत अचूक आणि अंश मात्र ढोबळ, अशी ही स्थिती आहे.

विवेक काळे व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दख्खनच्या स्तरक्रमाविषयी आणि दूरवरच्या थरांच्या परस्परसंबंधाविषयी याच स्वरूपाचे गंभीर प्रश्न उपस्थित केले. एका भागातील रासायनिक ओळख दुसऱ्या भागातील थराला लावली की दोन्ही थर एकाच वेळी वाहिले, असे ठरत नाही. सारख्या रसायनाचा शिलारस भिन्न ठिकाणी भिन्न काळी बाहेर येऊ शकतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची शैलसमूहांची विभागणीही घाटाच्या रासायनिक क्रमवारीशी सर्वत्र जुळत नाही. परभणी हा जिल्हा या अनिश्चिततेच्या ऐन मध्यावर आहे. पश्चिमेला घाट दूर राहतो, पूर्वेला नांदेड जिल्ह्यात बसाल्ट संपून ग्रॅनाइट उघडा पडतो. दक्षिणेस लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या विंधनछिद्रात ३३८ मीटरवर बसाल्ट संपला आणि त्याखाली गाळाच्या खडकाचा पातळ थर व मग प्राचीन आधारशिला लागली. कोयना परिसरातील एका विंधनछिद्रात मात्र आधारशिला ९३३ मीटरवर मिळाली. या दोन आकड्यांच्या दरम्यान मराठवाड्याचा लाव्हा कसकसा पातळ होत जातो, त्यात कोणत्या काळाचे थर आहेत आणि कोणते मुळातच पोहोचले नाहीत, हे ठरल्याखेरीज ‘इतके टक्के आधी, इतके टक्के नंतर’ ही भाषा जपूनच वापरावी लागेल. येथील विहिरींच्या भिंतींत तांबडे पट्टे सहज पाहावयास मिळतात. घाटात जे पट्टे झिरकॉनसाठी धुंडाळले गेले, त्यांचे हे पूर्वेकडील सोयरे आहेत. भूगोल व भूविज्ञान विभागांनी विहिरींच्या खोदकामाच्या वेळी अशा पट्ट्यांची खोली, जाडी आणि समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदविण्याचे काम हाती घेतले, तर त्याला ना अणुभट्टी लागते, ना मोठे अनुदान.

दुसरीही एक बाजू आहे. लाव्हा किती आला यापेक्षा वायू किती आणि केव्हा सुटला, हे हवामानाच्या दृष्टीने महत्त्वाचे. शिलारस भूगर्भात अडकून राहिला तरी त्यातील कार्बन डायऑक्साइड वर निसटू शकतो. दख्खनच्या सुरुवातीच्या टप्प्यातील कार्बन उत्सर्जनाचा असा विचार २०२१ नंतर पुढे आला आहे. तो मान्य केल्यास लाव्ह्याचे वय हे वायूच्या वयाचे प्रमाणपत्र ठरत नाही.

शिलारस आला, धातू कोठे गेले?

इतका प्रचंड शिलारस येऊनही दख्खनच्या बसाल्टमध्ये धातूंच्या खाणी का नाहीत, हा विद्यार्थ्यांचा स्वाभाविक प्रश्न असतो. सायबेरियातील अशाच बसाल्टशी निगडित नोरिल्स्क येथे निकेल, तांबे व प्लॅटिनम गटातील धातूंचे जगप्रसिद्ध साठे आहेत. महाराष्ट्रातील नावाजलेली धातुखनिजे मात्र ट्रॅपच्या बाहेर, नागपूर-भंडाऱ्याच्या सौसर पट्ट्यातील मँगनीज किंवा गडचिरोलीतील सूरजागडचे लोहखनिज, अशा कितीतरी प्राचीन खडकांत आहेत. कीझ आणि लाइटफूट यांनी २०१० मध्ये सायबेरिया व दख्खन यांची तुलना करून असे प्रतिपादन केले की, निकेल-तांब्याचे सल्फाइड साठे होण्यासाठी शिलारसाला भूकवचातून गंधकाचा पुरवठा व्हावा लागतो. सायबेरियात तो मिळाला. दख्खनमध्ये भूकवचाचे मिश्रण झाले, बुशे शैलसमूहात तर ते ठळकपणे दिसते, पण गंधक मिळाले नाही. म्हणून तांबे व निकेल वेगळे न होता खडकातच विखुरलेले राहिले. हा युक्तिवाद पटणारा आहे. त्याची मर्यादा पुन्हा तीच : दख्खनविषयीचा पुरावा घाटाकडचा. घाटातील रसायनावरून संपूर्ण दख्खनवर ‘धातुहीन’ असा शिक्का मारणे हे ७५ टक्क्यांच्या हिशेबाइतकेच घाईचे ठरेल, आणि कोठेतरी साठा असेलच अशी आशा दाखविणे त्याहून घाईचे.

सह्याद्रीच्या परिसरात जी धातुखनिजे निश्चितपणे आहेत, त्यांचा काळ शिलारसाच्या काळापासून फार दूर आहे. कोल्हापूर, रत्नागिरीकडील जांभ्यातील बॉक्साइट, गोव्यातील जांभ्याशी निगडित मँगनीज ही आगीची नव्हे, तर पावसाची अपत्ये. खडक उष्ण, दमट हवेत कुजत गेला, विरघळणारे द्रव्य वाहून गेले आणि धातू मागे उरले. यांतील काही मँगनीज ऑक्साइडांत पोटॅशियम असते. म्हणजे ज्या घड्याळाने लाव्ह्याचे वय निघते, त्याच घड्याळाने खनिजाचेही निघू शकते. बोव्हे, बोने व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये पश्चिम घाटाच्या दोन्ही अंगांच्या अशा ऑक्साइडांची आर्गॉन वये प्रसिद्ध केली. त्यांवरून किनारपट्टीच्या सखल भागात सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वी तीव्र अपक्षय चालू होता आणि घाटाची उभी कड त्याआधीच उभी राहिलेली होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

उद्रेकाचे वय ठरविताना ज्या शंका घेतल्या, त्या येथेही घ्याव्या लागतात. अपक्षयातून तयार होणारे ऑक्साइड एकाच क्षणी गोठत नाही. जुन्या कवचावर नवे कवच चढत जाते आणि एका कणात अनेक काळांचे मिश्रण असू शकते. शिवाय जे सर्वांत जुने होते ते झिजून गेलेले असण्याची शक्यता उरते. त्यामुळे ४.७ कोटी हे वय खनिजनिर्मितीच्या आरंभाचे नसून तिच्या उरलेल्या साक्षीचे आहे. लाव्हा थांबल्यानंतर जांभा तयार होऊ लागेपर्यंतची मधली दीड-दोन कोटी वर्षे आज कोणत्याही घड्याळाच्या पट्टीवर नाहीत, आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवरील जांभ्याच्या टोप्या नेमक्या त्याच काळातल्या की नंतरच्या, हा वाद पोलादपूरच्या थराइतकाच उघडा आहे.